पोत्यातलं मांजर

महानंदाबाईंनी मुगाच्या पातळ खिचडीचा चमचा पुढं केला, तसं रामहरी सरांनी तोंड फिरवलं आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज."

बाहेर एप्रिलचं ऊन गॅलरीतल्या फरशीवर पाय ठेवू देत नव्हतं.

"खारट झालीय व्हय? का पानी पायजे?"

सर त्यांच्याकडं बघत राहिले. डाव्या हाताची बोटं चादरीवर दोनदा आपटली. मग पुन्हा तेच वाक्य.

झटका येऊन तीन महिने झाले होते. उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं गेलं होतं. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या जिभेवर आता त्या भाषेतले चार-पाच वाक्प्रचार तेवढे उरले होते. मराठीतला एक शब्द नाही, महानंदा हे बायकोचं नावही नाही. उभ्या संसारात ज्या भाषेत ते बायकोशी एक वाक्य बोलले नव्हते, तेवढीच शिल्लक राहिली होती.

वाचा सुधारायला येणाऱ्या मॅडमनी समजावलं होतं. "आजी, ही पाठ झालेली वाक्यं आहेत. आपोआप बाहेर पडतात. त्यांच्यात अर्थ शोधू नका."

महानंदाबाईंनी मान हलवली होती. पण मॅडम गेल्या की त्या कपाटातल्या सरांच्या दोन जाड वह्या काढायच्या. वर निळ्या शाईत इंग्रजी वाक्प्रचार, खाली मराठीत अर्थ आणि तो कुठून आला त्याची गोष्ट. शनिवारी शेवटच्या तासाला सर पोरांना यातलंच सांगत. इंग्रजी वाचता येत नसल्यामुळं बाई शेजारच्या ऋतुजाला हाक मारत. ती अकरावीतली पोर पान काढून द्यायची, खालचं मराठी त्या स्वतः वाचायच्या. मांजरा-कुत्र्यांच्या पावसाखाली लिहिलं होतं: 'मुसळधार पाऊस. उगम नक्की कुणालाच माहीत नाही.' पाऊस म्हणजे पाणी, असं धरून त्यांनी पाणी पाजून बघितलं. कधी सर प्यायले, कधी थुंकले.

त्या आठवड्यात एक नवं वाक्य आलं. "द कॅट इज आउट ऑफ द बॅग." बुधवारी सकाळपासून सर तेच म्हणत होते. ऋतुजानं पान काढलं.

'गुपित फुटणे. बाजारात डुकराचं पिल्लू म्हणून पोत्यात मांजर बांधून देत. पोतं सोडलं की लबाडी उघडी. (ही गोष्ट खरीच असेल असं नाही, पण मुलांना आवडते.)'

महानंदाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि वही मिटली.

"काय झालं, आजी?"

"काय न्हाय गं. जा तू, तुजा क्लास असंल."

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसातला दाढी करता करता सर म्हणाले होते, हात जड वाटतोय. त्या म्हणाल्या, हातावर निजला असाल, पडा थोडं. आणि बाजरीचं दळण घेऊन खाली उतरल्या. सणाची गर्दी, गिरणीवर रांग. परत आल्या तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि सर खाटेजवळ पडले होते. दवाखान्यात विचारलं, त्रास कधी सुरू झाला? त्या म्हणाल्या, आत्ताच, मी घरात असतानाच. पहिले काही तास लाखमोलाचे असतात, हे त्यांना नंतर कळलं. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक त्या. आणि दुसरा माणूस आता दूधवाल्याला, मॅडमना, दारात येईल त्याला हेच वाक्य सांगत होता. तो बोलायला लागला की त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

शनिवारी दुपारी पुण्याहून मुलगा आला. अभिमन्यू हातपाय धुऊन वडिलांच्या पायाला तेल लावत बसला. सर त्याच्या तोंडाकडं एकटक बघत म्हणाले, "द कॅट इज आउट ऑफ द बॅग." थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"हे नवीन दिसतंय, अण्णा," अभिमन्यू म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

महानंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला कणीक होती.

"त्ये माज्याबद्दल बोलत्यात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दाढी, जड हात, दळण, दवाखान्यातलं खोटं. सांगताना त्या हाताची कणीक चोळून काढत होत्या, ती फरशीवर पडत होती.

"साडेसातला सांगितलं हुतं त्यांनी मला. आनि मी गिरनीत हुबी ऱ्हायले."

अभिमन्यूचा हात वडिलांच्या घोट्यावर थांबला.

"पावणेआठला अण्णांचा फोन आला होता मला," तो म्हणाला.

"कुनाचा?"

"अण्णांचा. शब्द नीट उमटत नव्हते. मी कंपनीच्या बसमध्ये चढत होतो. म्हटलं, रेंज नाही, नंतर लावतो. लावला नाही." त्यानं तेलाची वाटी उगाच पलीकडं सरकवली. "दवाखान्यात त्यांचा मोबाइल माझ्याकडंच होता. त्या फोनची नोंद मी पुसून टाकली."

महानंदाबाईंनी दाराची चौकट धरली. दोघांनाही सरांकडं बघायचा धीर होईना. टीव्ही बंद होता. खालच्या रस्त्यानं एक रिक्षा गेली, तिचा आवाज विरेपर्यंत कुणी हललं नाही.

सरांनी डावा हात उचलला आणि वर धरला. तोंडातून काही आलं नाही.

तहान लागली असेल असं धरून अभिमन्यू पाणी आणायला उठला. उकडत असेल असं धरून महानंदाबाई पंखा वाढवायला गेल्या. हात तसाच वर होता.