चिकट पुठ्ठ्यावरची पाल

उंदरांनी कुणाच्या घरात धुमाकूळ घातलेला नाही? भिंगारच्या भिमाजी गव्हाणेंच्या घरातही तो चालूच होता. त्यांनी बाजारातून चिकट पुठ्ठा आणला, ओट्याखाली ठेवला आणि निश्चिंत झोपले. सकाळी पाहतात तो काय, उंदीर राहिला बाजूला, पाल अडकली होती. चारही पाय डिंकात रुतलेले, एका पायाची कातडी सोललेली.

पाल त्यांच्या ओळखीची होती. डेपोतली कारकुनी संपली, पाठोपाठ पत्नी गेली, मुलगा सचिन बंगळुरूला. घरात बोलायला माणूस नव्हतं, म्हणून भिमाजी भिंतींशीच बोलत. बोलताना पाल चुकचुकली की बोलणं खरं ठरतं, असं आपल्याकडे मानतात. तेही लगेच जमिनीवर बोट वाजवून “सत्य, सत्य” म्हणत. सचिन दिवाळीला येणार, असं ते म्हणाले तेव्हाही ती चुकचुकली होती. सचिन आला नाही. मुलावर रागवायची हिंमत नव्हती, म्हणून भिमाजींनी राग पालीवर धरला.

त्यांनी पुठ्ठा उचलला आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. भांडी घासायला आलेल्या मालनबाई आडव्या आल्या. जिवंत आहे, डब्यात दोन दोन दिवस तडफडेल, म्हणाल्या. निदान मला तरी दिसणार नाही, असं भिमाजींनी तुटकपणे सांगितलं.

“काका, तुमाला न्हाई दिसली म्हून तिचं दुखायचं थांबतंय व्हय?”

भिमाजी जागीच थबकले. सचिन दर रविवारी फोन करायचा, “बरं आहे ना?” विचारायचा आणि भिमाजी “हो” म्हणेपर्यंत ठेवूनही द्यायचा. आपण एकटे कुढतो, ते त्याला कुठे दिसत होतं? आणि आज आपणही तेच करायला निघालो होतो!

मालनबाईंनी गोडेतेल मागितलं. ओढू नका, कातडी निघंल, असं बजावलं. पालीला शिवलं तर अंघोळ करणारे भिमाजी फतकल मारून बसले आणि कापसाने थेंब थेंब तेल सोडत एकेक पाय मोकळा करू लागले. पाऊण तास गेला. शेपटीचा तुकडा पुठ्ठ्यावरच राहिला, पण पाल सुटली. अंगावरचं तेल अलगद टिपून त्यांनी तिला कपाटामागे सोडलं. ती लंगडत अंधारात गेली, तेव्हा भिमाजींना रडू फुटलं.

“शेपूट येतंय परत,” मालनबाई हळूच म्हणाल्या.

रविवारी फोन आला. सचिनने नेहमीचंच विचारलं.

“बरं नाही रे,” भिमाजी म्हणाले. “फार एकटं वाटतं.”

या वेळी मात्र सचिनने फोन ठेवला नाही.

मंडळी, दुखणं नजरेआड केलं म्हणून संपत नाही, मग ते पालीचं असो की बापाचं. जवळ बसून ते पाहावं लागतं. आणि आपलं असेल, तर तोंडाने सांगावंही लागतं.