नळीतून ऐकलेली गिटार

चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर कान तपासायचा दवाखाना होता. तिथल्या मागच्या खोलीत ती कानाची मशीनं दुरुस्त करायची. खिडकीपाशी टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, चिमटे, मळ काढायचे बारीक ब्रश आणि लहान लहान खणांची एक पेटी. बारा वर्षं ती याच टेबलापाशी बसत होती. पेशंट तिला कानवाल्या बाई म्हणत. संध्याकाळी घरी गेली की ती गिटार वाजवायची.

तिचा धाकटा भाऊ छापखान्यात डिझाइनचं काम करायचा आणि स्वतःला तिचा मॅनेजर समजायचा. तिचं वाजवणं रेकॉर्ड करून मोबाइलवर टाकायचं, खाली चार ओळी लिहायच्या, हे सगळं खातं त्याच्याकडे. तिला ऐकणारे तेव्हा एकसष्ट जण होते. त्यातले निम्मे नात्यातले, आणि उरलेल्यांपैकी बरेच चुकून आलेले असावेत असा तिचा कयास होता. भाऊ मात्र चिवट.

"ताई, माणसं तुला शोधत येणार नाहीत," तो म्हणायचा. "माणसं जिथं बसून कंटाळतात, तिथं आपणच जाऊन पोचायचं."

एक दिवस त्याने मोबाइलने स्कॅन करायचे कोड छापून आणले आणि तिला न विचारता दवाखान्याच्या काउंटरवर, पाण्याच्या पिंपावर, मशीनच्या सेलच्या डब्यावर चिकटवून टाकले.

"आंधळ्यापुढे नाच आणि बहिऱ्यापुढे गाणं म्हणतात, ते हेच," ती म्हणाली. पण काढले नाहीत.

दोन आठवड्यांनी लेथवाले काका मशीनची नळी बदलायला आले. चाळीस वर्षं कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर उभं राहून त्यांचे कान गेले होते. समोरच्या स्टुलावर बसत ते म्हणाले, "पोरी, तुझी गिटार ऐकली परवा. लेकीने लावून दिली. बरी वाजवतेस. पण मधे तो एक लांब सूर आहे ना, तो रडतो."

"रडतो म्हणजे त्यात भावना आली असेल, काका."

"भावना नाही गं. पट्टा सैल झाला की लेथ थरथरते, तसा. आधी सरळ जातो, मग गचके खातो. तुझ्या गिटारीचं काहीतरी सैल झालंय. बघून घे."

हे तिला लागलं. तो सूर म्हणजे तिचा अभिमान होता. गिटारीचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे, वर्षाला एखादा असे जमवलेले सहा पेडल तिने एका फळीवर पक्के बसवले होते. त्यातला एक सूर धरून ठेवणारा, त्यापुढचा रिकाम्या हॉलसारखा घुमारा देणारा. दोन्ही लावून तिने तो सूर अकरा सेकंद सरळ रेघेसारखा ओढला होता. घरी जाऊन तिने हेडफोन लावून तो पुन्हा ऐकला. कुठे हललेला नव्हता.

म्हाताऱ्याचे कान, म्हणून सोडून देता आलं असतं. पण बारा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. पेशंट म्हणतो मशीन कुरकुरतंय, तर ते कुठेतरी कुरकुरत असतंच.

पुढच्या खेपेला काका मशीन साफ करायला ठेवून चहा प्यायला खाली गेले. तिच्या टेबलावर मशीन तपासायची एक नळी असते. दिसायला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी, पण पुढच्या टोकाला कानाचं मशीन अडकवायचं. मग मशीन लावणाऱ्याला जे ऐकू येतं, ते आपल्याला ऐकू येतं. तिने काकांचं मशीन अडकवलं, मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं आणि डोळे मिटून बसली.

सूर दोन सेकंद सरळ गेला. मग कोणी गळा धरल्यासारखा थरथरला, खाली बुडाला, वर आला, आणि शेवटपर्यंत गुळण्या करत राहिला.

तिने तो चार वेळा ऐकला. पाचव्या वेळी तिला हसू आलं, आणि नळी गळ्यात तशीच घेऊन ती झाला प्रकार सांगायला मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम म्हणजे कान तपासणाऱ्या डॉक्टर.

"मशीनला शिट्टीचं वावडं असतं, तुला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "मशीनमधलाच आवाज कानातून बाहेर निसटून परत मशीनमध्ये शिरला की शिट्टी वाजते. म्हणून ते सारखं टपून असतं. एकच सूर कोणी ताणून धरला की त्याला वाटतं, आली शिट्टी. मग ते ती मारायला धावतं."

"मी अकरा सेकंद धरलाय."

"मग अकरा सेकंद मारामारी." मॅडमही हसल्या. "नव्या मशीनमध्ये संगीतासाठी वेगळी सोय असते. काकांचं जुनं आहे. आपल्याकडच्या निम्म्या लोकांचं जुनंच आहे."

"मग या लोकांना गाणं ऐकू येतं तरी कसं?"

मॅडमचं पेन थांबलं. "आपण बोलणं समजतं का ते तपासतो," त्या म्हणाल्या. "गाण्याचं मी कधी कोणाला विचारलेलं नाही."

तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. दवाखान्यातलं एक जुनं नमुन्याचं मशीन मागून, तपासायच्या नळीसकट तिने घरी नेलं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर पेडलची फळी, समोर गिटारीचा आवाज मोठा करणारा अँप, अँपच्या तोंडाशी खुर्चीच्या पाठीला दोऱ्याने टांगलेलं मशीन, आणि त्याला जोडलेली नळी तिच्या कानात. भाऊ कामावरून आला तेव्हा ती अशी बसली होती.

"काय झालंय त्याला? ताप आहे?" त्याने अँपकडे बोट दाखवून विचारलं.

"गप्प बस आणि ती तार छेड."

एकेक पेडल बंद करून, चालू करून ती ऐकत गेली. घुमाऱ्याचा पेडल तिचा सगळ्यात लाडका. पण नळीतून त्याचा नुसता चिखल व्हायचा, एका सुरावर दुसरा चढायचा. सगळ्यात जाड तार वाजवली काय अन् न वाजवली काय, सारखंच. सूर धरून ठेवणाऱ्याचं तर आधीच उघड झालं होतं. मात्र वाढदिवसाला कोणीतरी दिलेला एक स्वस्तातला पेडल होता, सूर किंचित वर-खाली झुलवणारा. तिने तो कधी धड वापरला नव्हता. नळीतून ऐकताना तोच कामाला आला. मशीनला संशय यायच्या आत सूर जागेवरून हललेला असायचा.

सहा आठवडे हेच चाललं. फळीवर दोनच पेडल राहिले. चार बारीक तारांवर, मधे मोकळी जागा ठेवून, तिने तीच चाल नव्याने बसवली. दर शनिवारी काका येऊन मागच्या खोलीत परीक्षकासारखे बसत. "हा बरा निघाला," ते म्हणत. "पण याच्या कडेला अजून कचकच आहे. कातल्यावर लोखंडाची कड हाताला टोचते तशी. घास जरा." ती घरी जाऊन घासत बसे.

नवं रेकॉर्डिंग ऐकून भावाने तोंड वाकडं केलं. "अळणी झालंय, ताई. आधी कसं भरलेलं वाटायचं."

"टाक तरी."

त्याने टाकलं. आठवड्याभरात एकसष्टचे चौपन्न झाले.

"लोक माणसं जोडतात, तू तोडतेस," तो वैतागून म्हणाला.

"सात गेले. त्यातला एक आपला मामेभाऊ असणार. त्याने घुमाऱ्याशिवाय जन्मात काही ऐकलेलं नाही."

वरवर ती हसली, पण तिलाही ते खुपलं. दोन दिवस तिने गिटारीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांच्या ओळखीचे बरेच मशीनवाले होते, त्यांना हे ऐकवायचं होतं. मॅडमनी शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर, चार वाजता, बाहेरची बसायची खोली वापरायला दिली.

नऊजण आले. त्यांत एक निवृत्त टायपिस्ट आजी होत्या. त्यांना सोबत म्हणून सूनबाई आली होती आणि दाराजवळ उभी राहून घड्याळ बघत होती. पंख्याची घरघर मशीनमध्ये शिरते म्हणून पंखा बंद केला. भाऊ मोबाइल धरून कोपऱ्यात उभा राहिला. तिने छोटा अँप खुर्चीवर ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली.

सात-आठ मिनिटांची चाल. ती संपली तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. एकही टाळी नाही. नऊ चेहरे तिच्याकडे नुसते बघत होते. भावाने मोबाइल हळूच खाली केला. झालं ते झालं, गिटार आवरावी असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात काका उठले. "टाळ्या मनात वाजवल्यात," ते म्हणाले. "जिन्यातच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मशीनमध्ये टाळी म्हणजे पत्र्यावर दगड."

मग सगळे एकदम बोलायला लागले. एकाला कुठली तार कुठला आवाज करते ते बघायचं होतं. दुसऱ्याला पेडल पायाने का दाबायचा, हाताने का नाही, याचं उत्तर हवं होतं. गलका ओसरल्यावर टायपिस्ट आजी म्हणाल्या, "परत एकदा वाजवता का? तेच."

तिने परत वाजवलं.

"आठ वर्षं झाली मला मशीन लागून," आजी म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी मी रेडिओ बंद केला. सगळं तुटकं, फाटकं वाजायचं. मला वाटलं, हल्ली असंच वाजवतात."

खोलीत हशा पिकला. सूनबाई मात्र हसली नाही. "आई, मग आम्हाला सांगायचं ना."

"काय सांगू? तुम्ही सगळे माना डोलवत होता. म्हटलं, नवी तऱ्हा असेल."

कानवालीने आत जाऊन नळी आणली, तिला नमुन्याचं मशीन अडकवलं आणि ती सूनबाईच्या हातात दिली. सूनबाईने स्वतःच्या मोबाइलवर स्वतःच्या आवडीचं एक गाणं लावलं आणि नळी कानात घातली. अर्धं कडवं झालं असेल, तिने नळी काढली.

"हे मी रोज सकाळी स्वयंपाक करताना मोठ्याने लावते," ती म्हणाली. "आईंना बरं वाटावं म्हणून."

आजींनी तिचा हात थोपटला. "असू दे गं. मी मशीन काढून ठेवायचे."

त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता खोली भरायला लागली. मॅडमनी खालच्या चष्मेवाल्याकडून बाक मागून घेतला. नऊचे एकवीस झाले. सूनबाई आता दाराजवळ उभी राहत नाही, सासूशेजारी बसते आणि मधेच विचारते, आत्ता काय ऐकू आलं. भावानेही शहाणपणा केला. रेकॉर्डिंगखाली चार ओळी लिहायचं सोडून त्याने एकच लिहिली, "कानात मशीन असेल तर हे ऐकून बघा आणि काय ऐकू येतं ते आम्हाला कळवा."

सहा महिन्यांत चौपन्नचे चारशे तीस झाले. आकडा काही फार मोठा नव्हे, पण यातला जवळजवळ प्रत्येकजण लिहायचा. तिसऱ्या मिनिटाला कागद चुरगळल्यासारखं होतं. माझ्या डाव्या मशीनला तुमची दुसरी तार आवडत नाही. जेवताना भाऊ एकेक वाचून दाखवायचा आणि ती घास हातात धरून ऐकायची. जुनी घुमाऱ्याची चालही तिने काढून टाकली नाही. ती आपल्या जागी होती, ज्याला हवी त्याने ऐकावी. मामेभाऊ परत आला होता.

मग एक दिवस एका शाळेच्या बसचालकाचा निरोप आला. लिहिलं होतं, "सगळं छान आहे. शेवटाकडे तो पक्षी बोलतो, ते तर फारच आवडलं. तो आवाज कसा काढता?"

तिने कुठलाही पक्षी वाजवला नव्हता. तिने हेडफोन लावून ऐकलं, पक्षी नाही. नमुन्याचं मशीन नळीला लावून ऐकलं, नाही. काकांना फोन केला. त्यांनी दोनदा ऐकून सांगितलं, पक्षी बिक्षी काही नाही, तो माणूस झाडाखाली बसला असेल. मॅडमनी तीन निरनिराळी मशीनं काढून दिली. एकातही पक्षी नव्हता.

"सोड ना, ताई," भाऊ म्हणाला. "त्याला आवडलंय. आवडलं की झालं."

"अरे, पण माझ्या वाजवण्यात पक्षी आहे आणि मलाच माहीत नाही," ती म्हणाली. "कुठल्या सुरावर येत असेल तो?"

तिने स्वतःच उत्तर लिहायला घेतलं. तुमचं मशीन कुठलं, किती वर्षांचं, कोणत्या कानात, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता दवाखान्यात या, येताना ते कानातच असू द्या. मग जरा विचार करून तिने पुढे लिहिलं की पक्षी नक्की कधी बोलतो ते ऐकताना बोट वर करून दाखवा, मी समोर बसून वाजवते.