राजुरीत वाटलेले पेढे

मित्रांनो, वारूळवाडीच्या एका लॅबमधला मी जुना मायक्रोस्कोप. चाक घट्ट झालंय, काचेवर चरे पडलेत, तरी डॉक्टर बुशरामॅडम मला अडगळीत टाकत नाहीत. दसऱ्याला झेंडूची माळसुद्धा घालतात. कौतुक कुणाला आवडत नाही? पण एकदा माझ्या जिवावर पेढे वाटले गेले, ते आठवलं की अजून जीव जळतो.

राजुरीचा गोकुळ. शेती करणाऱ्याला हल्ली मुलगी कोण देतंय? पंचेचाळिशीत कसंबसं लग्न जमलं. बायको वृषाली घोडेगावची, सव्विशीची. पहिलं बाळ पोटातच गेलं. सासूने, सारजाबाईने, सुनेला दवाखान्यादवाखान्यांत फिरवलं, आमच्याकडेही आणलं, पण लेकाची तपासणी? छे! मॅडमनी हट्टच धरला तेव्हा तो आला.

मी पाहिलं. शुक्रजंतू भरपूर होते, चांगले पळत होते. मॅडमनी तसं सांगितलं, आणि पुढचं ऐकायला सारजाबाई थांबलीच नाही. "माझं पोर ठणठणीत हाय," म्हणत तिने गावभर पेढे वाटले.

पुढचं गोकुळने एकट्याने ऐकलं. शुक्रजंतू शरीरात सतत नवे तयार होतात आणि दर वेळी आनुवंशिक मजकुराची नक्कल होते. बापाचं वय वाढतं तशा त्या नकलेत चुका साठत जातात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण कधी गर्भ टिकत नाही. मला मेल्याला फक्त संख्या आणि हालचाल दिसते, आतल्या चुका दिसत नाहीत. तुमच्या बाबतीत हेच कारण आहे असं छातीठोक सांगता येणार नाही, पण सगळं तिच्यावर ढकलू नका, घरी बोला, असं मॅडम म्हणाल्या. गोकुळने मान डोलावली.

दुसरं बाळही गेलं. वृषालीला माहेरी धाडलं, न्यायला कुणी फिरकलं नाही. शेवटी ती भावाला घेऊन लॅबमध्ये आली. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या.

"मॅडम, माझ्यात काय दोष नाय, एवढं ह्यांना सांगा ना," ती म्हणाली. "घरात माझं कुणी ऐकत नाय."

मॅडमनी तिचे रिपोर्ट बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला माहीत आहे गं."

"कधीपासनं?"

"पहिल्या बाळानंतर लगेच सांगितलं होतं."

वृषाली माझ्याच टेबलाला धरून उभी राहिली. "त्यांनीच मला माहेरच्या यष्टीत बसवून दिलं व्हतं," एवढंच बोलली.

मित्रांनो, मला वाचा असती तर राजुरीला ऐकू जाईल एवढा ओरडलो असतो. तुम्हाला तोंड आहे रे. खरं कळलं की घरी बोला, आणि वेळेवर बोला.