वारा काढणारा हात

निघ रे वाऱ्या, निघ रे बाहेर,
हाडामासात नाही तुझं माहेर.
बांबूच्या बनात जाऊन नीज,
लेकराच्या डोळ्यात येऊ दे नीज.

कसियेम सहा-सात वर्षांची असताना तिची आई असं गुणगुणत तिची पाठ ओढायची. तांब्याचं झिजलेलं नाणं खोबरेल तेलात बुडवायचं, तिरकं धरायचं, आणि कण्यापासून बरगडीकडे सरसर ओढत न्यायचं. पाठीवर लाल रेघा उमटत, माशाच्या काट्यासारख्या. रेघ जितकी गडद तितका वारा जास्त. "बघ, केवढा शिरला होता," आई म्हणायची, आणि पोर कधीच झोपलेली असायची. सर्दी असो, पोटात ढवळत असो, नाहीतर नुसता शीण असो, बान्युमासच्या त्या डोंगरउतारावर सगळ्याला एकच नाव होतं: अंगात वारा शिरलाय. औषधही एकच होतं.

आईमागे नाणं कसियेमकडे आलं. हातही आईचाच आला, असं वाडीतल्या बाया म्हणत. तिची रेघ सरळ उतरायची, कातडी कधी फुटायची नाही. बाळंतिणी यायच्या, नारळाच्या माडांवर चढणारे गडी यायचे, मशिदीत बांग देणारे म्हातारे मोदिनसुद्धा सदरा वर करून बसायचे.

शंभर दिवस झाले, ते नाणं तांदळाच्या डब्यात तळाशी पडून होतं.

आज नवरा, दार्किम, गेल्याचा शंभरावा दिवस. सकाळी भाताची रास झाली, वाफवलेल्या गोड पोळ्या वाटल्या, दुआ झाली, माणसं पानात भात गुंडाळून घेऊन घरी गेली. शेजारची रासेम तेवढी भांडी विसळायला मागे राहिली.

"दोन दिवस मान धरलीय माझी," ती हात पुसत म्हणाली. "काढ की जरा वारा."

"मलम लावते."

"मलम माझ्याकडेपण आहे. मला काय मलमाचं कौतुक?" रासेम हसली. "तुझं नाणं आता राणीच्या पेटीत गेलं वाटतं. आम्हा गरिबांच्या पाठी नकोत त्याला."

"हात दुखतो माझा, यू," कसियेम थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली.

"शंभर दिवस?"

कसियेम विसळलेली भांडी पालथी घालत राहिली. रासेमने तिच्याकडे पाहिलं, ओला हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेली.

चुलीवरची मोठी काहील पालथी पडली होती. एके काळी दिवसातून दोनदा तिच्यात नीरा उकळायची. दार्किम पहाटे आणि दुपारी पंधरा माड चढायचा, बांबूची नळकांडी कमरेला लावून. तो उतरवायचा, ती आटवायची. नीरा आधी पाण्यासारखी, मग मधासारखी, मग घोटता घोटता हात थकला की करवंटीत ओतायचा गूळ. तीस वर्षं घराला गोड धुराचा वास होता.

आठ वर्षांपूर्वी दार्किमच्या रक्तात साखर निघाली. वाडीभर तो स्वतःच सांगत सुटला. "दुसऱ्यांसाठी एवढी साखर उतरवली, थोडी हाताला चिकटली असेल." डॉक्टर साखर सोडा म्हणाले, तर हा म्हणे, "मी सोडली हो, तिचंच माझ्यावर मन आहे." गोळ्या लेक आणून द्यायची. वार्सिती तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात कामाला होती. गोळ्या तो आठवण येईल तेव्हा घ्यायचा. पुढे हिरड्या सुजल्या, दात घासताना रक्त यायला लागलं. मग तळपायात बांबूची कुसळ गेली, आणि दोन महिने झाले तरी जखम भरेना. अंगठा काळा पडायला लागला. दुखतं का विचारलं तर म्हणायचा, "नाही ना. तेच बरं आहे."

"तेच वाईट आहे, बापा," वार्सिती म्हणायची. एका रविवारी तिने आईला चुलीपाशी बसवून बोटांवर मोजून सांगितलं होतं. "बियुंग, नीट ऐक. त्याला एकदम दरदरून घाम आला, दम लागला, मळमळलं, जबडा नाहीतर हात दुखला, तर वारा काढत बसायचं नाही. छातीत दुखायची वाट बघायची नाही. लगेच मला फोन करायचा."

"अगं, ही तर सगळी वाऱ्याचीच लक्षणं," कसियेम म्हणाली होती.

"म्हणून तर सांगतेय."

आणि तो दिवस आला तेव्हा यातलं एकेक आलं.

पहाट नुकती उजळली होती. दार्किम चौथ्या माडावरून उतरला आणि उरलेले अकरा तसेच ठेवून घरी आला. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. अंगणातच ओकला. "येम," तो म्हणाला, "हा जबडा बघ गं, कुणी पिळतंय असं वाटतं. आणि हा हात. नळकांडी काढून ठेवली तरी कमरेला नाही, हातालाच बांधल्यासारखी."

"छातीत?"

"छातीत कुठे काय. वारा शिरलाय. रात्री दार उघडं राहिलं."

कसियेमने फोन हातात घेतला होता. तिला ते बोटांवरचं मोजणं आठवत होतं. पण दार्किमने तिचं मनगट धरलं. "पोरीला नको बोलावू. ती मला शहरात नेईल. तिथे अंगठा बघतील आणि पाय कापतील. पायाशिवाय मी काय करू, येम? माड खाली येणारेत का माझ्याकडे?" मग हसून म्हणाला, "तुझ्या हाताला काय झालंय? गावाला चालतो तो हात, नवऱ्याला नाही?"

तिने फोन कोनाड्यात ठेवला आणि नाणं घेतलं.

पहिल्याच रेघेला पाठ गडद झाली. लाल नाही, जांभळी. तिच्या मनात, खरं सांगायचं तर, भीतीच्याही आधी अभिमान आला. बरोबर ओळखलं आपण. केवढा शिरला होता. ती आईचं गाणं गुणगुणत राहिली आणि तो झोपला. उठल्यावर पुन्हा घाम, म्हणून पुन्हा काढला. आल्याचा काढा दिला. दुपारी त्याला जरा बरं वाटलं, काहिलीत आज एवढीशीच नीरा म्हणून त्याने तिला चिडवलंसुद्धा. तिसऱ्यांदा काढला तेव्हा पाठीवर कोरी जागाच उरली नव्हती, जुन्या रेघांवरूनच नाणं फिरलं.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली आणि त्याला श्वास पुरेना. तेव्हा तिने फोन केला. वार्सितीने उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. दुकानात गर्दी होती, फोन खणात होता. तिने पाहिला तो दीड तासाने. गाडी घेऊन ती धावत आली, रुग्णालयात पोचायला दहा वाजले.

"कधीपासून त्रास होतोय?" तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं.

वार्सिती आईकडे बघत होती. डोळे लाल, केस विस्कटलेले, एका पायात दुकानातली चप्पल आणि एका पायात स्वतःची.

"मगरिबच्या बांगेपासून," कसियेम म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. पहाटे दार्किम गेला.

डॉक्टरने नंतर व्हरांड्यात समजावून सांगितलं. साखर मुरलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या आतून सुजत राहतात, वर्षानुवर्षं. सुजलेल्या हिरड्या, न भरणारी जखम, ती सगळी त्याच धगीत भर घालतात. भाताच्या तुसाचा ढीग कसा ज्वाळेशिवाय आतल्या आत धुमसतो, तसं. मग एक दिवस हृदयाच्या वाहिनीत रक्ताची गाठ अडकते. नसा आधीच बधिर झालेल्या, त्यामुळे पुष्कळांना छातीत कळ येतच नाही.

"लवकर आणलं असतं तर?" वार्सितीने विचारलं.

"पहिल्या काही तासांत वाहिनी उघडता येते. जितकं लवकर तितकं जास्त हृदय वाचतं." त्याने हातातला नागमोडी रेघांचा कागद पुन्हा पाहिला. "मला हे जुनं वाटत होतं. पण आई सांगतात संध्याकाळी सुरू झालं, तर मग वेळ होता. थोडा होता."

वार्सितीने मान हलवली. कसियेमने पाहिलं, तो दीड तास लेकीने उचलला आणि गळ्यात बांधून घेतला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललं तर लेक कुठल्या डोळ्यांनी बघेल, या विचाराने तिने ते टाळलं. उद्या सांगू म्हणता म्हणता सातवा दिवस गेला, चाळिसावा गेला. मय्यत धुताना मोदिननी दार्किमची पाठ पाहिली होती. वाळलेल्या रक्तासारख्या काळ्या रेघा. त्यांना कळलं असणार, ताज्या रेघा अशा नसतात. त्यांनी फक्त पांढरं कापड वर ओढलं आणि कसियेमकडे न बघता दुआ म्हटली.

दुपार कलली. अंगणात वार्सिती चटया गोळा करत होती. शंभर दिवसांत तिचे गाल बसले होते.

"दुकानाच्या मालकीणबाईंना उद्या कळवायचंय ना?" कसियेमने विचारलं. मालकीणबाई तिला सेमारांग शहरात पाठवणार होत्या, औषधांचं रीतसर शिक्षण घ्यायला. तीन वर्षं वार्सिती याच एका गोष्टीची वाट बघत होती.

"चिठ्ठी लिहून ठेवलीय. नाही म्हणून. दुकानही सोडतेय."

"का गं न्दुक, माझ्या पोरी?"

"दुसऱ्यांना औषधं कशाला देऊ मी?" ती चटईची सुरळी करत शांतपणे म्हणाली. "बापाचा फोन खणात वाजत होता आणि मी कुणा बाईला खोकल्याची बाटली गुंडाळून देत होते. तिच्या पोराचा खोकला बरा झाला असेल."

"असं बोलू नये."

"मग कसं बोलू?" सुरळी भिंतीला टेकवून तिने मान चोळली. "अंग मोडून आलंय. बियुंग, वारा काढ ना माझा."

"रासेमला नाही म्हटलं मी सकाळी."

"मी रासेम आहे का?"

कसियेम उठली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने नाणं शोधलं. ते गार होतं. कांदा ठेचून तेलात घातला, वाटी घेऊन ओसरीवर आली. वार्सिती पालथी झोपली होती, पाठ उघडी, तोंड भिंतीकडे. किती वाळली होती पोर. कण्याचे मणी मोजून घ्यावेत असे दिसत होते.

पहिली रेघ लाल उमटली. दुसरीही. कसियेमच्या ओठांवर गाणं आपोआप आलं, निघ रे वाऱ्या, आणि तिथेच थांबलं.

"म्हण ना," वार्सिती उशीत म्हणाली. "लहानपणी म्हणायचीस." मग अगदी हळू: "बियुंग, एक विचारू? फोन वाजत होता तेव्हा तो माझं नाव घेत होता का? दीड तास... वाट बघत होता का?"

नाणं पाठीवर टेकलेलं होतं. कसियेमला हाताखाली लेकीचा श्वास लागत होता. वर-खाली, वर-खाली. चेहरा दिसत नव्हता, आणि पाठ उत्तराची वाट बघत होती. त्या पहाटे दार्किमने तिचं मनगट धरलं होतं, ते तिला आठवलं. ते ती सांगणार नव्हती. ते त्याच्याबरोबर मातीत गेलं.

तिने नाणं वाटीत ठेवलं आणि रिकामा हात त्या लाल रेघांवर पसरला.

"ती चिठ्ठी फाडून टाक," ती म्हणाली. "तुझ्या दीड तासाने नाही गेला तो, न्दुक. संध्याकाळी नव्हतं सुरू झालं. पहाटे झालं. तू बोटांवर मोजून सांगितलेलं सगळं होतं. मी फोन हातात घेतला होता, आणि ठेवला, आणि हे नाणं घेतलं. दिवसभरात तीनदा काढला मी वारा. डॉक्टरने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस, म्हणून मी खोटं सांगितलं."