वायसनच्या गाडीचे चारही दिवे

एनिफाच्या मामाला वायसन नापसंत नव्हता. पोरगा निर्व्यसनी होता, हातात कसब होतं, बुडाखाली स्वतःची मोटरसायकल होती. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

"तुझी माणसं कुठायत?" बाटोनीमामांनी त्याला भर अंगणात उभं करून विचारलं. "आईबाप नाहीत. भाऊबंद तिकडे न्सांजेच्या पुरात पांगले. मला वऱ्हाडाची हौस नाही रे. पण उद्या तुझ्या घरात मयत झाली, तर किती माणसं येतील? माझ्या भाचीनं काय एकटीनं रडायचं?"

"येतील की, बांबो," वायसन म्हणाला. थोरांना बांबो म्हणतात म्हणून म्हणाला, पण आवाजात काही दम नव्हता.

"मग शनिवारी दिसू देत. तुझा मध्यस्थ कोंबडा घेऊन येईल, माझी कोंबडी तयार आहे. माणसं दिसली तर अदलाबदल करू आणि सोयरीक पक्की. नाहीतर माझी कोंबडी खुराड्यात परत."

एनिफा चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने वायसनकडे असं पाहिलं की त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सोंगानीच्या बाजारात निलगिरीच्या झाडाखाली वायसनचं टेबल होतं. अर्धा दिवस तो इतरांसारखा कबाझा चालवायचा, म्हणजे मोटरसायकलवरून भाडं मारायचा, आणि उरलेला अर्धा दिवस लोकांच्या गाड्यांना एलईडी बसवायचा. मीटर खोलायचं, मागच्या रबरी टोप्यांतले मिणमिणते काचेचे दिवे उपटायचे आणि त्यांच्या जागी एलईडी खोचायचे. उलटा बसला तर पेटत नाही, फिरवून पुन्हा बसवायचा. त्याआधी त्याचं डोकं पॉलिश पेपरवर घासून घ्यायचं, नाहीतर मधोमध नुसता ठिपका चमकतो आणि कडेचे आकडे अंधारात राहतात. हे घासणं फक्त वायसनच करायचा, म्हणून थोंडवेपासून लोक त्याच्याकडे यायचे.

कबाझा स्टँडच्या चेअरमन ग्रेशमने हट्टाने लाल दिवे मागून घेतले होते. मीटरचा काटाही लालच. लाल उजेडात काटा जो दिसेनासा झाला तो झालाच.

"चेअरमन, बदलून देतो," वायसन म्हणाला होता.

"राहू दे! माझी गाडी चाळिसावर जातच नाही. काटा बघून करू काय?"

स्टँडवरच्या पंधराही गाड्यांची मीटरं वायसनने उजळली होती. त्याची स्वतःची गाडी मात्र जुनाट, पिवळट, अर्धी आंधळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शनिवारसाठी निदान गाडी तरी झकास करावी असं त्याने ठरवलं, कारण माणसं आणायची हिंमत त्याला होईना. स्टँडवर त्याने कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? "माझी माणसं म्हणून चला" असं? आपण पडलो दिवेवाले. लोक आपल्याकडे गाडी घेऊन येतात, काम झालं की निघून जातात. आणि मामांनी नकार दिला तर चारचौघांत हसं व्हायचं ते वेगळंच. मध्यस्थ म्हणून त्याने शेजारचे निवृत्त हेडमास्तर न्थाला यांना गळ घातली होती. एक माणूस तरी झाला.

शनिवारी सकाळी त्याने काम काढलं. पुढचे मागचे इंडिकेटर एलईडीचे केले. एलईडीला करंट लागतो चिमूटभर, त्यामुळे जुना फ्लॅशर वेड्यासारखा फडफडायला लागला, म्हणून तोही बदलला. मीटर अजून टेबलावर उघडंच पडलेलं होतं. तसंच बटण दाबून पाहिलं. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, सगळं चोख.

मग मीटर. निळा उजेड, एकसारखा पसरलेला, आकडा न् आकडा स्वच्छ. इंडिकेटरच्या बाणापुरता एलईडी उरला नाही, तेव्हा तिथला जुना काचेचा दिवा त्याने तसाच ठेवला. त्या जुन्या गाडीत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून बाणाचा दिवा एकच होता. मीटर घट्ट बसवून तो क्षणभर बघतच राहिला. इंडिकेटरचं बटण पुन्हा दाबून पाहायचं मात्र राहून गेलं.

तिथेच माशी शिंकली. मीटर जोडल्यावर त्या एकट्या दिव्यातून डावीकडचा करंट उजवीकडे झिरपतो. जुने बल्ब एवढ्याशा करंटला दाद देत नाहीत, पण एलईडी चिमूटभरावरही पेटतो. म्हणजे बटण डावं दाबा की उजवं, चारही दिवे एका तालात लुकलुकणार. आणि आपल्या भागात दिवसाढवळ्या चारही दिवे लुकलुकवत हळू चाललेली गाडी म्हणजे मयतीची गाडी.

न्थाला मास्तर काळा सूट घालून आले. कोंबडा मांडीवर घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. "सूट माझ्या निरोपसमारंभाचा आहे. त्याच्यावर कोंबड्याची सही नको." शेवटी टोपली पुढे टाकीवर बांधली, आणि ज्या मीटरवर अख्खी सकाळ गेली ते टोपलीखाली झाकलं गेलं.

"सावकाश चालव," मास्तर मागे बसता बसता म्हणाले. मोटरसायकलची त्यांना जन्माची धास्ती. त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

मोठ्या रस्त्याला लागताना पोलीस उभा दिसला, म्हणून वायसनने शहाण्या माणसासारखा डावा इंडिकेटर दिला. पोलिसाने लायसन्स मागायच्या ऐवजी टोपी काढून छातीशी धरली.

"मास्तर, बघितलंत?"

"माझा विद्यार्थी असणार. एकेचाळीस वर्षं शिकवलंय मी."

वायसनच्या डोक्यात मामांशिवाय दुसरं काही नव्हतं. इंडिकेटर बंद करायचा राहिला तो राहिलाच. समोरून येणारी मिनीबस कडेला थांबली आणि आतली गाणी बंद झाली. सायकलवाले उतरून उभे राहिले. टोमॅटो विकणाऱ्या बाया रस्त्याकडेला मांडी घालून बसल्या, माना खाली. मास्तर डावीउजवीकडे मान हलवून सगळ्यांचा नमस्कार घेत होते.

"हाही विद्यार्थी?" वायसनने एका पिकल्या म्हाताऱ्याकडे पाहून विचारलं.

"त्याचा मुलगा असेल. तू पुढे बघ."

गाडी बाजारातून गेली तेव्हा स्टँडवरचा कलकलाट थांबला. पण वायसनने लाजून मान वळवली, कुणी हाक मारून कुठे निघालास विचारू नये म्हणून. त्यामुळे मागे काय झालं ते त्याला दिसलं नाही.

मामांच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या. बाया थोब्वाचं गोडसर पेय ढवळत होत्या, मामा मांडीवर कोंबडी घेऊन मधोमध बसले होते. एनिफा दारात. वायसन आणि मास्तर उतरले. मामांनी त्यांच्या मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"एवढेच?"

वायसनला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मामा कोंबडी घेऊन उठायला लागले, आणि एनिफाने तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात भजन ऐकू आलं. बांधाच्या वळणावरून आधी चेअरमन ग्रेशमची गाडी आली, मग दुसरी, मग तिसरी. पंधराही गाड्या, एकेकीवर दोघंतिघं, सगळ्यांच्या टोप्या काढलेल्या. त्यांच्या मागे सायकली. बाजारात मंदाझीचे गोड वडे तळणारी मायी नाफिरी डोक्यावर पिठाचं घमेलं घेऊन एका गाडीवरून उतरली आणि उतरल्या उतरल्या तिने मोठ्याने गळा काढला.

"अगं, थांब! थांब!" मामा ओरडले. "कोण गेलं?"

"ह्याची आई असेल," चेअरमन अंदाजाने हळूच म्हणाला.

"माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली!" वायसन म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चेअरमनने वायसनच्या गाडीकडे बोट केलं. गाडीचं इंजिन अजून चालू होतं आणि चारही दिवे इमानेइतबारे लुकलुकत होते. "मग हे काय? वर काळ्या सुटातले मास्तर, तोंड असं, गाडी मुंगीच्या चालीनं. तू मान फिरवून रडत गेलास."

"मी लाजत होतो!"

वायसन गाडीकडे धावला, इंजिन बंद केलं आणि कपाळावर हात मारला. बाणाचा एकच दिवा! एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. अंगणात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसायला लागले. मास्तर तेवढे हसले नाहीत; ते विद्यार्थ्यांचा हिशेब पुन्हा मनात लावत होते.

मामा मात्र चेअरमनसमोर जाऊन उभे राहिले. "कोण गेलं हे माहीत नव्हतं, तरी आलात?"

"बांबो, कोण गेलं ते पोचल्यावर विचारता येतं," चेअरमन म्हणाला. "वायसनच्या घरची मयत म्हटल्यावर आधी निघायचं. भाडं मारायला स्टँडवर एक गाडी राहिली नाही आज."

"आणि तू पीठ कुठून आणलंस एवढ्यात?" मामांनी मायी नाफिरीला विचारलं.

"दुकानाचंच उचललं. ह्याच्या घरी रांधायला बाई कोण आहे?" ती डोळे पुसत म्हणाली आणि वायसनकडे वळली. "सोयरीक होती तर सांगितलं का नाहीस, मेल्या? कपडे तरी बदलून आले असते!"

एवढी माणसं आपली होती आणि आपणच त्यांना परकं धरून चाललो होतो, याची वायसनला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला. तो सगळ्यांसमोर हमसाहमशी रडायला लागला.

"आता रडतोय बघा," चेअरमन म्हणाला.

मामा परत चटईवर येऊन बसले. कोंबडी त्यांनी नीट कुशीत धरली आणि मास्तरांना समोर बसायची खूण केली.

"मास्तर, तुमचा कोंबडा काढा," ते म्हणाले. "आणि एनिफा, त्या बाईच्या डोक्यावरचं पीठ उतरवून घे. आपल्या घरची माणसं जेवायची आहेत."