तीनशे सॅव्हेजच्या वीस गोळ्या

टंचाईच्या काळात तोच माणूस तरतो, ज्याला इतरांना नको असलेली वस्तू हवी असते. हा सिद्धान्त आर्व्हिड लाहतीने सप्टेंबरात, लोइस बोडविनच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर मांडला. ऑक्टोबर लागायच्या आत गावातल्या पाच जणांना तो पटला आणि त्यामुळेच तो खोटा ठरला.

ते वर्षच तसं होतं. लोक तोंडाला फडकी बांधून हिंडत होते. आधी संडासातले कागद संपले, मग यीस्ट, मग काडतुसं. मिशिगनच्या त्या उत्तरेकडच्या जंगलात कागदाविना आणि यीस्टविना माणूस कुरकुरत का होईना, राहतो. पण पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते, आणि त्या दिवशी ज्याच्याकडे काडतूस नाही त्याने घरी बसून करायचं काय, हा प्रश्न तिथे आजवर कुणाला पडलाच नव्हता.

आर्व्हिडकडे वडिलांची थर्टी-थर्टी रायफल होती. गावातल्या निम्म्या घरांत तेच बोअर, म्हणजे नळीचं तेच माप. त्याच्या खोक्यात नऊ गोळ्या उरल्या होत्या. त्याने त्या इतक्यांदा मोजल्या की दर खेपेस एखादी कमी झाल्यासारखी वाटायची.

"थर्टी-थर्टी?" लोइस म्हणाली. "अरे बाबा, मार्चपासून दर्शन नाही. माझा नवरा पळाला, तो तरी पत्ता ठेवून गेला होता."

"मग ते काय आहे?"

खालच्या फळीवर, उंदरांच्या सापळ्यांशेजारी, सहा खोकी धूळ खात पडली होती. वर बोअर लिहिलं होतं: तीनशे सॅव्हेज.

"ते म्हाताऱ्यांचं बोअर. त्या बंदुकांचे मालक मरत चाललेत, म्हणून तर खोकी जिवंत आहेत. पण माणशी एकच हं, पाटी लावलीय. उगाच गोड बोलू नकोस."

आर्व्हिडने एक खोकं उचललं. वीस गोळ्या. आता त्या गोळ्यांना बसेल अशी बंदूक तेवढी हवी होती. जगभर माणसं आधी बंदूक घेतात आणि मग गोळ्या शोधतात. आर्व्हिडने उलट सुरुवात केली आणि त्यातच त्याला आपली हुशारी दिसली.

शेजारच्या लेस्टर ट्रेम्बाथकडे सासऱ्याची सॅव्हेज होती. आर्व्हिडने वडिलांची थर्टी-थर्टी देऊन ती घेतली आणि वर त्या नऊ गोळ्याही दिल्या. बंदूकच गेली तर गोळ्या ठेवून काय करायच्या?

"नेम अगदी चोख आहे," लेस्टर म्हणाला. "सासरा शपथेवर सांगायचा."

"तुझा सासरा कशाकशाची शपथ घ्यायचा ते ठाऊक आहे मला," ओन्नी म्हणाला.

ओन्नी हा आर्व्हिडचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढून तो सेवानिवृत्त झाला, तो फुप्फुसं तिथेच ठेवून. नाकात नळी आणि मागे चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर, असा तो वर्षभर आर्व्हिडच्या घरात फिरत होता. एरवी तो काही मागत नसे. या वर्षी त्याने एकच मागितलं होतं: कॅम्पवर जायचं आणि पहिल्या हरणाची कलेजी खायची. जंगलातल्या त्यांच्या लाकडी खोपीला सगळे कॅम्प म्हणत. पहिल्या हरणाची कलेजी घरी न्यायची नाही, त्याच संध्याकाळी बिडाच्या तव्यावर कांद्यात परतून तिथेच खायची, हा वडिलांचा नेम. डॉक्टरने ओन्नीशी नाताळपर्यंतचं सगळं बोलून घेतलं होतं. त्याच्या पुढचं काही तो बोलला नव्हता.

एवढं सगळं जमून आल्यावर आर्व्हिडने गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या डोक्यातून एक सिद्धान्त निघाला होता, आणि तो एकट्यालाच ठाऊक असून काय उपयोग? लोइसच्या टेबलावर त्याने तो तीन सकाळी समजावून सांगितला. मेंढरांसारखं सगळ्यांच्या मागे पळू नका, म्हणाला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मग एकेक जण घरी गेला आणि पोटमाळ्यावरून आजोबांची, मामाची, कुणा चुलत्याची सॅव्हेज काढून आला.

पुढच्या आठवड्यात आर्व्हिड दुसरं खोकं मागायला गेला. लोइसची पाटी आपल्याला दुसऱ्यांदा लागू पडत नसावी असा त्याचा अंदाज होता. खालच्या फळीवर फक्त उंदरांचे सापळे होते.

"पाच खोकी, पाच गिऱ्हाइकं," लोइस म्हणाली. "अठरा वर्षं ती फळी झटकत होते मी. तुला दलाली द्यायला हवी खरं तर."

"कारखान्याला विचार की."

"विचारलं. म्हणाले, आधी लोकांना हवी ती काडतुसं बनवू, मग राहिलेली. तुझं बोअर राहिलेल्यांतही शेवटचं आहे म्हणे. दोन वर्षं तरी विसर."

म्हणजे वीस गोळ्या, आणि देशात विसावी गोळी संपल्यावर एकविसावी नाही. आर्व्हिडने हिशेब केला. वय एकसष्ट. वर्षाला एक हरीण, हरणाला एक गोळी. एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत चिंता नाही. खोकं त्याने कपाटात, वडिलांच्या बायबलमागे ठेवलं.

शिकारीच्या आधीच्या रविवारी सगळं गाव खडीच्या खाणीत जमतं. पुठ्ठ्यावर कागदी बशी ठोकायची, शंभर यार्डांवरून तीन गोळ्या झाडायच्या आणि छिद्रं बघून नळीवरची नेमाची माशी डावी-उजवीकडे सरकवायची. नवी बंदूक असेल तर पाच झाडायच्या. त्या रविवारी खाणीत नेहमीच्या निम्मीही माणसं नव्हती. बाकीची घरी बसून गोळ्या जपत होती.

"तीन तरी झाड," ओन्नी म्हणाला.

"तीन म्हणजे तीन वर्षं. एक्याऐंशीवरून सरळ अठ्ठ्याहत्तर!"

ओन्नीने नाकातली नळी नीट केली. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं.

"मला एक पुरे," तो म्हणाला.

आर्व्हिडला ते ऐकू आलं. पण त्या वेळी तो मनाने अठ्ठ्याहत्तरीत पोचला होता आणि त्याच्याकडे गोळ्या नव्हत्या.

कॅम्पवर त्यांनी सहा सिलिंडर नेले, तीन दिवसांचे. ओन्नीने चुलीपासून दहा फूट लांब बसायचं असं सिलिंडर कंपनीच्या माणसाने बजावलं होतं, आणि खोपी होती बारा फूट. तेव्हा ओन्नी दाराला पाठ लावून बसला. पंधरा तारखेला पहाटे आर्व्हिड नारिंगी जाकीट चढवून झाडावरच्या लपणात गेला. सकाळभर खारी सोडून काही हललं नाही.

साडेतीनच्या सुमाराला देवदारांतून नर आला. आठ टोकांची शिंगं, मान फुगलेली. साठ यार्डांवर आडवा उभा राहिला आणि विचारात पडल्यासारखा थांबला. यापेक्षा सोपं हरीण आर्व्हिडच्या वाट्याला उभ्या आयुष्यात आलं नव्हतं. त्याने खांद्यामागे नेम धरला, श्वास सोडला आणि चाप ओढला.

नराने मान वर केली. आवाज कुठून आला हे त्याला बघायचं होतं. आर्व्हिडने दुसरी झाडली. मग तो नर गेला, फार घाईने नाही.

आर्व्हिड खाली उतरला. रक्त नव्हतं, केस नव्हते. नर उभा होता त्याच्या मागच्या बर्च झाडाच्या सालीत दोन भोकं होती, एकाला एक चिकटून, वीतभर वर आणि हातभर उजवीकडे. बंदूक उत्तम होती. दोन्ही गोळ्या एकाच जागी गेल्या होत्या. कागदी बशीवर पहिल्या तीन गोळ्यांतच हे कळलं असतं. तो अंधार पडेपर्यंत त्या झाडापाशी उभा राहिला.

खोपीत शिरताना कांद्याचा वास आला. दोन बार ऐकून ओन्नीने सिलिंडर दारापाशीच ठेवला होता, नळी काढून नाकाला चिमटा लावल्यासारखा श्वास धरत चुलीपर्यंत गेला होता, तवा ठेवून कांदे परतले होते आणि पुन्हा जाग्यावर येऊन बसला होता. त्याचे ओठ निळसर दिसत होते. त्याने आर्व्हिडच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि फडताळातली कात्री मागितली.

"राहू दे रे ओन्नी."

"नियम आहे. वळ."

नेम चुकलेल्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा आणि नाव-तारीख लिहून भिंतीवर ठोकायचा, ही त्या जंगलातल्या प्रत्येक कॅम्पची रीत. भिंतीवर अकरा तुकडे होते. एक वडिलांचा, एकसष्ट सालातला. सात ओन्नीचे. तीन पाहुण्यांचे. आर्व्हिडचा एकही नव्हता. त्याने कधी चुकवलंच नव्हतं.

ओन्नीला कात्री चालवायला बराच वेळ लागला. मध्ये दोनदा थांबून त्याने श्वास घेतला.

"एवढी वर्षं वाट बघायला लावलीस," तो म्हणाला. "खिळा तू ठोक. मला हातोडी उचलवत नाही."

आर्व्हिडने खिळा ठोकला. मग दोघांनी पावाबरोबर कांदा खाल्ला.

"छान झालाय," आर्व्हिड म्हणाला.

"कांदाच आहे," ओन्नी म्हणाला.

पुढचे दोन दिवस जोराचं बर्फ पडलं, हरीण दिसलं नाही आणि सिलिंडर संपले. एकोणीस तारखेला ॲम्ब्युलन्स ओन्नीला घेऊन गेली. त्या वर्षी इस्पितळात कुणाला आत सोडत नव्हते, तेव्हा आर्व्हिड आवारात ट्रकमध्ये बसून तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी बघत राहिला. नंतर नर्सने फोनवर सांगितलं की ओन्नीची खिडकी दुसऱ्या बाजूला होती. ती हे चोवीस तारखेला सकाळी म्हणाली, तेव्हा ती खिडकीही ओन्नीची राहिली नव्हती.

दोन दिवसांनी लेस्टर ट्रेम्बाथ दारात आला. पावाच्या पिशवीत काहीतरी जड बांधलेलं होतं.

"कलेजी आहे," तो म्हणाला. "ओन्नीसाठी फ्रीजरात ठेवली होती, मला काय माहीत... तुझ्या बाबांच्या बंदुकीने नर पडला रे. पहिल्याच दिवशी."

"किती गोळ्या लागल्या?"

"एकच. आठ उरल्यात. हव्यात का परत?"

आर्व्हिडने पिशवी घेतली आणि मानेनेच नाही म्हटलं.

थर्टी-थर्टीने आर्व्हिड हरणावर वर्षाला एकच गोळी झाडत आला होता, आणि खोक्यात नऊ होत्या.