अर्धं उतरलेलं चित्र

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात बोलणं कमी व्हायचं. कारण त्याच सुमारास माधुरीचा दम सुरू व्हायचा आणि जो तो तिचा श्वास ऐकत राहायचा. चिमणीतून काजळी पडायची, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून आत घ्यावे लागायचे, मळीचा वास घरात येऊन बसायचा. माधुरी माझी नात, सहादेवची मुलगी, नऊ वर्षांची. खो-खोत तिच्याइतकी चपळ पोरगी शाळेत नव्हती. तिला शिवायला धावलेली पोर खांबाला जाऊन धडकायची आणि ही पलीकडे उभी राहून हसायची. पण नव्व्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात ती पायरीवर बसून असायची, खांदे वर उचलून, आणि तिच्या छातीतून मांजरीच्या पिल्लासारखा आवाज यायचा.

तालुक्याच्या सामन्यांसाठी संघात तिचं नाव लागलं. दुसऱ्याच दिवशी माझी सून दीपा शाळेत गेली आणि नाव काढायला सांगून आली. गुरुजी म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो, विचार करा.

“विचार कसला करायचा?” घरी येऊन दीपा म्हणाली. “मैदानात दम कोंडला तर गुरुजी श्वास देणार हायेत का आपला?”

माधुरी दोन दिवस जेवली नाही. आईशी बोलली नाही.

कोपरगावच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला तोंडात मारायचा पंप दिला होता. पण माधुरीनं तो दाबला की औषध पांढऱ्या वाफेसारखं तोंडातून बाहेर यायचं. आत काही जातच नव्हतं. त्यात वस्तीवरच्या बायकांनी दीपाला सांगितलं, पंपाची सवय लागते, मग जन्मभर सुटत नाही, पोरीचं लग्न व्हायचं नाही. दीपानं पंप ट्रंकेत टाकून कुलूप लावलं.

मग राहिली धुरी. माझी बायको चांगुणा घमेल्यात निखारे घ्यायची, त्यावर ओवा आणि लसणाच्या साली टाकायची आणि माधुरीच्या डोक्यावरून गोधडी पांघरायची. आमच्याकडे छाती भरली की हेच करतात. माझ्या आईनं मला दिली, चांगुणानं सहादेवला दिली. गोधडीच्या आत माधुरी खोकून खोकून लाल व्हायची आणि चांगुणा म्हणायची, “निघू दे, निघू दे कफ.” शेवटच्या खेपेला गोधडी काढली तेव्हा पोरीचे ओठ जांभळे होते.

ते ओठ माझ्या डोळ्यांपुढून जाईनात.

नूरुद्दीनचं फोनचं दुकान शिर्डीच्या रस्त्यावर. सहादेव उसाच्या ट्रॅक्टरवर, हंगामात आठ-आठ दिवस घरी नसायचा. त्याचा निरोप घ्यायला मी तिथं जायचो. त्या वर्षी नूरुद्दीननं कॉम्प्युटर आणला होता आणि त्याला फोनची तार जोडली होती.

“रंभाजीबाबा, जयभीम. बसा. ह्याला काहीही विचारा,” तो म्हणाला. “परवा एक मास्तर आलते. लहान पोरांना काय खायला घालायचं, ते समदं निघालं. डॉक्टर लोकच लिहून ठेवतेत.”

“दम्याचं विचारता येतं का?”

“इंग्रजीत विचारावं लागतं. मला नुसतं चालू करता येतं.”

इंग्रजी आमच्या घरात एकट्या दीपाला येत होतं. ती बारावी झालेली. आधी ती तयार होईना. “पेटीला काय ठावं माझ्या पोरीचं, मामा?” मी म्हणालो, “पेटीला न्हाई. पण दुसऱ्या कुणाच्या पोरीला दम असंल, तिच्या आईनं काय केलं ते तरी बघू.” गुरुवारी उन्हं कलल्यावर तिनं ट्रंक उघडली आणि औषधाचं नाव बघून टाइप करायला म्हणून पंप पिशवीत टाकला. माधुरीला घरी ठेवलं तर चांगुणा धुरी देईल, म्हणून तिलाही सोबत घेतलं.

नूरुद्दीननं नंबर फिरवला. यंत्र किंचाळलं, गुरगुरलं आणि गप्प झालं. दोनदा लागलं नाही. तिसऱ्यांदा लागलं.

दीपानं एकेक अक्षर शोधून दाबलं. बऱ्याच वेळानं पहिलं पान उघडलं. त्यावर एका बाटलीचं चित्र होतं आणि एक गोरा माणूस हसत होता.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“एका आठवड्यात दमा कायमचा जातो म्हणतोय. ही पूड घ्या.”

“मग लिहून घे की, दीपाताई!” नूरुद्दीन म्हणाला.

“नूरुभाई, हा विकायला बसलाय. पूड कशाची हाय ते लिवलं न्हाई. डॉक्टरकडं कधी जायचं तेबी न्हाई.” तिनं ते पान बंद केलं. दुसऱ्यात नुसती औषधांची नावं होती. तिसऱ्यात कुणी कुणाशी भांडत होतं. आमच्या मागं एक माणूस फोनसाठी येऊन उभा राहिला, तार कॉम्प्युटरला अडकलेली बघून शिव्या देत निघून गेला. नूरुद्दीन घड्याळाकडं बघायचा आणि परत आमच्याकडं, पण उठा म्हणाला नाही.

चौथं पान मुलांच्या कुठल्याशा दवाखान्याचं होतं. दीपा वाचता वाचता पुढं सरकली. ती हळूहळू सांगू लागली, जशी अक्षरं उतरतील तशी.

“दम असलेल्या मुलांनी खेळावं, म्हणतेत. पळावं. बसवून ठेवू नका... खेळायच्या आधी डॉक्टरला विचारून पंप घ्यावा.” ती थांबली. “पंपाची सवय लागत न्हाई, असं लिवलंय.”

“परत वाच,” मी म्हणालो.

तिनं परत वाचलं. मग पुढचं वाचताना तिचा आवाज बदलला. “घरात धूर करू नये. चुलीचा न्हाई, विडीचा न्हाई, कशाचाच न्हाई. धुरानं श्वासाच्या नळ्या आणखी आवळतात. दम कोंडला तर आडवं निजवू नये, बसवून पुढं वाकवावं.”

माधुरी माझ्या मांडीला टेकून बसली होती. नाव काढल्यापासून ती पहिल्यांदाच आईकडं बघून म्हणाली, “म्हंजे मी खेळू?”

दीपाचं बोट पडद्यावर होतं. “लहान मुलांना पंप थेट ओढता येत नसंल तर प्लास्टिकची बाटली घ्या. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा. पंप तिथं बसवा आणि...” खाली चित्र उतरत होतं. वरून एकेक पट्टी. आधी एका मुलाचे केस आले, मग कपाळ, मग डोळे.

त्याच वेळी मागचा पडदा सरकला. दर गुरुवारी दिवेलागणीला नूरुद्दीनची बायको शरिफा दुकानात लोबान फिरवायची. तिच्या हातात लोबानदाणी होती, धुराचा जाड लोट वर येत होता. तिनं तो नेहमीसारखा दाराच्या चौकटीला दाखवला, फोनच्या यंत्राला दाखवला, आणि आमच्या डोक्यावरून नेला. बरकत व्हावी म्हणूनच.

माधुरी खोकली. परत खोकली. मग खोकला थांबला आणि तो मांजरीचा आवाज सुरू झाला.

“बाहेर न्या तो धूर!” दीपा ओरडली. शरिफा घाबरून मागच्या दारानं पळाली. नूरुद्दीननं पुढचं दार सताड उघडलं. मी पोरीला उचलून दारात आणलं. तिची नखं माझ्या हातात रुतली होती. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

शरिफा मोकळ्या हातांनी धावत आली. “आडवी करा बेटीला, आडवी करा!”

“न्हाई. बसवून ठेवा, थोडी पुढं वाकवून,” दीपा म्हणाली. “तिथं तसंच लिवलंय.” ती पडद्याकडं वळली. डोळ्यांखाली नाकाचा शेंडा आला होता. मग यंत्रातून खट्ट आवाज झाला. लाइन तुटली. चित्र तिथंच राहिलं. नाकापर्यंत पोरगं आणि खाली नुसता करडा चौकोन.

“नूरुभाई, लावा परत!”

तो नंबर फिरवत राहिला. एकदा, दोनदा. लागेना.

“आई...” माधुरी म्हणाली. एवढ्या एका शब्दाला तिला दोन श्वास लागले.

दीपानं पिशवीतून पंप काढला. तिच्या हातात तो होता आणि हात पुढं येत नव्हता. मला कळत होतं तिला काय दिसतंय. वस्तीवरच्या सगळ्या बायका तिच्यासमोर उभ्या होत्या.

“मामा, सवय लागली तर?”

“आत्ता तू काय वाचलंस?”

“वाचलं. पर ती परकी मानसं, मामा. चुकलं तर ती थोडीच येनार हायेत?”

“न्हाई येनार. मी हाय. मी सांगितलं म्हनून दिलं, असं सांग समद्यांना.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग फळीवर शिर्डीच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांतली एक ओढली आणि नूरुद्दीनकडं फेकली. “बुडाला भोक पाडा. पंपाच्या तोंडाएवढं.”

नूरुद्दीननं फोन सोडला. पाणी रस्त्यावर ओतलं, गल्ल्यातलं ब्लेड घेतलं. घाईत त्याचं बोट कापलं, बाटलीवर रक्ताचा ठिपका उमटला. भोक जरा मोठं झालं. दीपानं पंप त्यात खुपसून भोवती पदर आवळून धरला. बाटलीचं तोंड तिनं माधुरीच्या ओठांत दिलं.

“ओठ मिट. आता श्वास घे. सोड. घाई करू नगंस.”

तिनं पंप दाबला. बाटलीत पांढरा ढग भरला. या वेळी तो बाहेर आला नाही. माधुरीनं श्वास ओढला तसा तो पातळ झाला, आणखी पातळ झाला, नाहीसा झाला. दीपानं थोडं थांबून परत दाबलं.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी मोठ्यानं चालली होती, आणि मला त्या गाण्यांचा राग आला, कारण पोरीचा श्वास ऐकू येईना. ट्रॅक्टर लांब गेला. मी कान तिच्या पाठीला लावला. आवाज होता. पण आता त्यात मध्ये मध्ये मोकळी जागा होती.

“आबा,” ती म्हणाली, “तुमची दाढी टोचती.”

शरिफा तिथंच जमिनीवर बसली आणि रडू लागली. नूरुद्दीननं रिक्षा आणली आणि आम्ही तसेच डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली, पंपाभोवतीची फट चिकटपट्टीनं बंद केली. “हीच वापरा. वरचेवर धुवा,” म्हणाले. त्यांनी आणखी एक औषध दिलं. खेळायचं काय, विचारल्यावर म्हणाले, आठ दिवस थांबा, मला परत दाखवा, मग खेळू द्या.

घरी पोचलो तर दारात घमेलं. निखारे फुललेले, बाजूला ओवा, गोधडी घडी घालून ठेवलेली. कुणीतरी चांगुणाला आधीच बातमी पोचवली होती.

“आन तिला हिकडं,” ती म्हणाली.

“आत्या, आजपासून धुरी न्हाई,” दीपा म्हणाली.

“बारावी शिकलीस म्हनून मला शिकवतीस? तुझा नवरा ह्याच धुरावर वाढलाय!”

“व्हय, वाढलाय. पर हिचे ओठ तुमीबी बघितले. गोधडी तुमीच काढली हुती.”

चांगुणानं माधुरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून दिव्याकडं वळवला, ओठ बघितले, बराच वेळ बघितले. मग माधुरीनंच तिला बाटली दाखवली. तिनं बाटली हुंगली, बुडातलं भोक चाचपलं.

“ह्यात काय हाय? काईच तर न्हाई ह्यात.”

“श्वास मावतो, आजी.”

चांगुणा घमेलं उचलून मागल्या दारी गेली. निखाऱ्यांवर पाणी ओतल्याचा आवाज आला.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी माधुरीला बघितलं आणि जाऊ द्या म्हणाले. गुरुजींनी जागा ठेवली होती.

सामन्याच्या दिवशी चांगुणा मैदानाच्या कडेला पोत्यावर बसली होती. बाटली तिच्या ओच्यात, पदराखाली. शेजारी एका माणसानं विडी पेटवली तर तिनं त्याला असं काही झापलं की तो उठून पार झाडापलीकडं गेला. खेळाआधी दीपानं माधुरीला पंप दिला आणि मग ती मैदानाकडं पाठ करून उभी राहिली.

शिट्टी वाजली. माधुरी खांबाला वळसा घालून निघाली, धरायला धावणारी पोरगी तिच्या अगदी पाठीशी होती. लोक ओरडत होते.

“मामा, पळती का?” दीपानं विचारलं.

“पळती. वळून बघ की.”

ती वळली नाही. डोळे मिटून ती ऐकत होती, आणि तिच्या शेजारी मीही ऐकत होतो, त्या सगळ्या आरड्याओरड्यातून एकच आवाज, माधुरीच्या श्वासाचा.